अर्ध्या सिनेमाचं पूर्ण तिकीट

रात्रीच्या सिनेमाला जाणं म्हणजे पैसे मोजून जागरण विकत घेणं, हे माझं मत लग्नाआधीपासूनचं. बायकोचं मत बरोब्बर उलटं. आणि आमच्या घरात मतं दोन असली तरी चालतं एकच, तिचं.

ती इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. सगळी गल्ली तिला 'सिस्टर'च म्हणते. मला तेवढं म्हणता येत नाही, म्हणून मी 'बाईसाहेब' म्हणतो. सुट्टी असो नसो, एखादी बाई अडली की मेट्रनबाईंचा फोन येणार आणि बाईसाहेब उठणार. म्हणून थिएटरात कायम कडेची खुर्ची, चपला पायातच आणि मोबाइल मांडीवर. मध्यंतराच्या आसपास तो थरथरला की माझ्या गुडघ्यावर एक थाप, आणि ही पसार. उरलेला सिनेमा मी एकट्याने बघायचा, दोघांचे पॉपकॉर्न मीच संपवायचे, आणि सकाळी चहा घेताना ती विचारणार, "हं, पुढे काय झालं?"

"अगं, अर्धाच बघायचा तर पूर्ण तिकीट कशाला काढायचं?" मी दर वेळी भांडायचो. दिवसभर दुकानात किल्ल्या घासून माझी बोटं ठणकत असतात, मला आपलं घरी आडवं व्हायचं असतं.

"तेवढा वेळ माझ्यासमोर कुणी विव्हळत नाही हो," ती म्हणायची. "अर्धा तर अर्धा."

मग मी निमूट खिशातून तिकिटाचे पैसे काढायचो.

तर आमच्या लेकीचं बाळंतपण. पहिलंच, त्यात रक्तदाब चढलेला. ही सकाळपासून तिच्या उशाशी. संध्याकाळी मेट्रनबाईंनी हिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि माझ्या हवाली केलं.

"हिला कुठेतरी घेऊन जा. पोरगी जोर लावायचा सोडून आईच्या तोंडाकडे बघत बसलीय. हिच्या कपाळाला आठी पडली की ती घाबरते."

हिने हुज्जत घातली. मेट्रनबाई कसल्या ऐकतात! "सुटका झाली की मी स्वतः फोन करीन. तोवर इथे पाऊल टाकायचं नाही, फोनही करायचा नाही." जावईबापू बाकावर बसले होते. ते उठून उभे राहिले, काय करावं ते न सुचून परत बसले.

हिला घरी नेलं असतं तर चार भिंतींत वेड लागलं असतं. थिएटर इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून जन्मात पहिल्यांदा मीच म्हणालो, "सिनेमाला जाऊ."

"लेक तिकडे कळा देतेय आणि मी सिनेमा बघू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे दिसतंय? आत अंधार असतो."

आली बिचारी. सवयीने कडेच्याच खुर्चीवर बसली. पडद्यावर काय चाललं होतं, विचारू नका. मी पडदा सोडून तिच्या मांडीवरच्या मोबाइलकडे बघत होतो. इतकी वर्षं मी त्याला लाखोली वाहिली, आणि त्या रात्री हात जोडत होतो, बाबा रे, एकदाचा वाज.

मध्यंतर झालं. दिवे लागले. फोन गप्प. तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना, मग मेट्रनबाईंचं म्हणणं पटलं.

"पहिलटकरणीला वेळ लागतो," ती म्हणाली.

"हे मला सांगतेस की स्वतःला?"

दिवे गेले, आणि तिने माझा हात असा आवळून धरला की बोटं सुन्न झाली. हिला सगळं कळतं ना! किती उशीर झाला की काय बिघडलेलं असू शकतं, ते तिला पाठ. मी अडाणी माणूस, मला नुसती भीती. तिला त्या भीतीची नावं माहीत होती.

शेवटी नायकाचा भाऊ मेला. लोक हुंदके देऊ लागले. ही माझ्याकडे वळली.

"हा मेला?"

"मेला."

"मागच्या सिनेमातला तो आजारी मुलगा वाचला म्हणाला होतात."

मी पडद्याकडे बघू लागलो.

"आणि त्याच्या आधीची ती म्हातारी?"

"तीही गेली होती," मी म्हणालो. "तू रात्रभर बायकांची बाळंतपणं उरकून येतेस. सकाळी सकाळी तुला काय सांगू, सगळे मेले म्हणून?"

"मग आज कशाला आणलंत मला इथे?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

बाहेर पायऱ्यांवर गर्दीत फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"मुलगा की मुलगी?" मी मूर्खासारखं विचारलं. तिने माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. "आधी पोरीचं विचारा!"

"पोरगी सुखरूप आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "फार दमलीय. नात झालीय. पण बाळ मलूल आहे, अजून रडलं नाही. डॉक्टर बघताहेत. हिला म्हणावं, ये, पण बाहेर बसायचं."

मी जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायची माझी छातीच झाली नाही. ती चालू लागली, मी मागे धावलो.

वॉर्डाबाहेर ती जावईबापूंच्या शेजारी बाकावर बसली. त्या बाकासमोरून ती रोज घाईघाईने जाते. त्यावर कधी बसली नव्हती. त्यांचा हात हातात घेऊन ती दाराकडे बघत राहिली.

दार उघडलं. नवीनच लागलेली एक सिस्टर बाहेर आली. ती काही हिला ओळखत नव्हती.

"नातेवाईक कोण?"

हिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"आजी का तुम्ही? या, या. रडलं बाळ. बेंबीच्या देठापासून ओरडतंय!"

जावईबापू ओंजळीत तोंड लपवून रडू लागले. मी हिच्याकडे बघितलं. त्या दाराकडे जायचं म्हणजे एरवी हिला कुणी अडवू शकलं नसतं. तिने उठायचा प्रयत्न केला आणि माझा शर्ट धरून खाली बसली.

"अहो, तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "माझे पायच उचलत नाहीयेत."