फुल रेंज

सुक्या बोंबलांचा वास वाऱ्यावर आला की मला दिराने आमच्या अर्नाळ्यातल्या घराबाहेर बांबूला बांधलेली ती टीव्हीची जुनी छत्री आठवते. घरात फोन लागत नसे, म्हणून त्या छत्रीला सुटे भाग जोडून त्याने स्वतःच रेंज वाढवणारा बूस्टर बनवला होता. बोट किनाऱ्याजवळ आली की नवरा फोन करायचा, मग मी मासळीची पाटी घेऊन निघायचे. त्या दिवशी समुद्र खवळला होता. सगळ्यांच्या बोटी परतल्या, आमची नाही. आणि नेमका तेव्हाच एक सरकारी साहेब सिग्नल शोधायचं हातातलं यंत्र फिरवत दारात आला. "याला परवानगी नाही, बंद करा." मी बांबूला मिठीच मारली. "सायेब, माजा मानूस पान्यात हाय, आज नको." तो हळूच म्हणाला, "ताई, याच्याच गोंगाटाने टॉवरला बाकीचे फोन ऐकू येत नाहीत. तुमच्या माणसाचाही फोन यामुळेच अडला असेल." दिराचं तोंड उतरलं. वायर मीच उपटली आणि फोन घेऊन वाळूवर धावले. रेंज फुल होती, आता अडवणारं काहीच नव्हतं. अंधार पडेपर्यंत फोन छातीशी धरून उभी राहिले. तो वाजला नाही, बोटही परत आली नाही. आज घरात बसून लेकीशी फोनवर बोलता येतं, पण रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसल्या की अजून मी दारात जाऊन समुद्राकडे बघते.