दोन डबक्या, दोन नाडे

रामाकोन्याजवळच्या संत्र्याच्या बागेत कामाला लागलो, त्या दिवशी काकूंनी मला आधी मोटारघरातल्या दोन डबक्या दाखवल्या. काकू म्हणजे बागेच्या मालकीणबाई. मी रत्नागिरीकडचा, सातवीतून शाळा सुटलेला, इकडे माझं कोणी नाही. तरी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्या विश्वासाचीच मला जास्त भीती वाटायची.

डबक्या म्हणजे इकडे पेट्रोलचे कॅन; दोन्ही निळ्या, एकाच मापाच्या. एकीत साधं पेट्रोल, फवारणीच्या पंपासाठी. दुसरीत ऑइल मिसळलेलं, गवत कापायच्या मशीनसाठी. माझ्या आधीच्या माणसाने त्या मशीनमध्ये साधं ओतलं, इंजीन जाम झालं आणि त्याचं काम गेलं. काकूंनी हे सहज सांगितलं होतं.

बाकी सगळं मी सांभाळत होतो. डबक्या चुलीपासून लांब, सावलीत, फळीवर. काठोकाठ भरायच्या नाहीत. मिसळलेलं थोडंच करायचं, फार दिवस ठेवायचं नाही. खूण मात्र टिकेना. कागद चिकटवला तर पेट्रोलच्या हाताने अक्षरं पुसली जायची. जामसांवलीच्या देवळातून आणलेला लाल नाडा खिशात होता, तो ऑइलवालीच्या मुठीला बांधला. निश्चिंत झालो.

एका सकाळी गवत कापायला म्हणून मोटारघर उघडलं, तर दोन्ही डबक्यांना नाडे. फळीही झाडलेली, डबक्यांच्या जागा हललेल्या. मीच दोन्हींना बांधले होते का? आठवेना. झाकणं उघडून पाहिली. वास सारखाच, रंगही मला सारखाच वाटला. एक डबकी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. बाहेर मशीन तयार होती आणि काकू बांधावरून येत होत्या.

"काय पाहून राहिला रे?" त्यांनी विचारलं. मी नाड्यांकडे बोट केलं.

"काल फळी झाडली, तं एकीलेच नाडा दिसला. दुसरी काय सावत्र आहे? आग लागली तं दोघीही पेटतीन."

डबकीची रक्षा व्हावी म्हणून त्यांनी मायेने बांधलेला. आता माझा नाडा नुसती खूण होता, हे कोणत्या तोंडाने सांगू? पण अंदाजाने ओतलं असतं तर मशीन जाण्याचीच भीती होती. शेवटी सांगून टाकलं. वाटलं, आता किल्ली मागतील.

काकूंनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, बाहेर सावलीत ठेवलं आणि दोन्हींचा एकेक थेंब वेगवेगळा टाकायला लावला. आम्ही पाहत बसलो. एक थेंब उडून गेला, कागद कोरा. दुसऱ्याच्या जागी तेलकट डाग राहिला.

"हे ऑइलवालं. आधीच इचारलं असतं तं काय जात होतं तुयं?"

मी त्याच डबकीतून मशीन भरली. सुरू झाली, दिवसभर चालली. पुन्हा घोळ नको म्हणून काकूंचा नाडा सोडायला गेलो, तर त्यांनी हात धरला. देवाचा नाडा असा सोडत नाहीत म्हणाल्या. मग ऑइलवालीवर मी पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढला.

पट्टा आजही ठळक आहे. तरी मशीन भरण्याआधी मी कागदावर एक थेंब टाकतोच. काकू येता-जाता विचारतात, "डाग पडला का रे?" पडला, म्हणतो, आणि मगच ओततो.