विनूच्या बेसमेंटमधलं थडगं

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी विंडसरला लेकीकडे होतो. बर्फामुळे हायवे बंद, त्यात मला ताप. मिसिसागाला त्याच्या घरी पोचलो आठवड्याने, तोवर सगळं उरकलं होतं... चाळीस वर्षांची दोस्ती, पण त्याला शेवटचं बघताही आलं नाही.

नागपूरचा हा इंजिनिअर रिटायर झाल्यावर थडग्यांच्या नादी लागला. पाच हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या शेतकऱ्यांनी अजस्र शिळांची बांधलेली थडगी. ब्रिटनीतली कशी, आयर्लंडमधली कशी, ऑर्कनी बेटांवर आतल्या खोलीत उभ्या दगडांचे कप्पे कसे, हे तो ग्रोसरीच्या रांगेतसुद्धा ऐकवायचा. लोक टाळायचे. मीही कंटाळायचो, खोटं कशाला बोलू? पण बेसमेंटमध्ये त्याने ऑर्कनीचं थडगं रचलं, चांगलं पलंगाएवढं, तेव्हा सरोवराच्या काठावरून दगड मीच माझ्या गाडीतून वाहिले.

छत बसवायच्या आधी त्याने एका कप्प्यात सुमनवहिनींच्या अस्थींचा कलश ठेवला. मी हादरलोच. अस्थी नाशिकला सोडल्या असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, मुलाला, केदारलासुद्धा.

"तिथे कोणाचं वेगळं थडगं नसायचं बे," तो म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्यांची हाडं एकत्र. मी गेलो की मलाही हिच्यात मिसळ. केदारला जमायचं नाही."

मी हो म्हटलं. आणि आधी मीच गेलो तर काय करशील, म्हणून त्याची खेचलीही.

केदारला हे फोनवर कसं सांगायचं, समोर बसवून सांगू, म्हणून मी थांबलो. तिथेच माझं चुकलं. पोचल्या पोचल्या बेसमेंट गाठलं तर ते रिकामं. व्हँकुव्हरहून मोजक्या सुट्टीवर आलेला पोरगा, घर विकायचं म्हणून आदल्याच दिवशी माणसं बोलावून त्याने सगळं ट्रकमध्ये भरून दिलं होतं. दगड कुठे टाकले, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कलशाचं विचारायला माझी जीभच रेटेना. विचारून काय करणार होतो? आईला कचऱ्यात टाकलंस, असं त्या पोराला सांगणार होतो?

डोळे सुजलेले होते त्याचे. वडिलांच्या अस्थींची पेटी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "काका, आईला सोडलं तिथेच बाबाला सोडतो, नाशिकला. ॲट लीस्ट दे विल बी टुगेदर."

बरोबर आहे बेटा, म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार...

गेल्या आठवड्यात त्याने गोदावरीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, थँक यू काका. तेव्हापासून हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून इथे लिहितोय. केदार मराठी बोलतो. त्याला वाचता येत नाही.