कपाटातला अँपिअर

किस्से प्रयोगशाळेतल्या धुळीसारखे असतात. धूळ निदान शिपाई दिवाळीला झाडतो, किस्से मात्र मलाच कुणाला तरी धरून झाडावे लागतात. मी तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. शिकवतो म्हणजे, मला तसा पगार मिळतो!

* * *

ज्याच्या नावावरून अँपिअर हे एकक आलं, त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा फोटो प्राचार्यांनी लॅबमध्ये लावायचा ठरवला. अनावरणाला डहाणूचे एक वाडीवाले शेठ आले. चिकूतलं त्यांना सगळं कळतं, आणि त्या जोरावर बाकीचंही कळतं असं ते समजतात.

हार घालून म्हणाले, "या माणसाने बल्बचा शोध लावला नसता, तर आज आपण अंधारात असतो!"

कडकडून टाळ्या पडल्या. लाइट सकाळपासून गेलेली होती.

* * *

त्याच आठवड्यात नवे अँमीटर आले. करंट किती अँपिअर वाहतोय ते काट्यावर दाखवणारं हे साधं यंत्र. ते सर्किटमध्ये बल्बच्या रांगेत जोडायचं असतं. बाविस्कर सरांनी थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडलं. बाविस्कर सर माझ्याहून सीनिअर आहेत, म्हणून त्यांना कुणी अडवत नाही. काटा थाडकन आपटला, वाकला आणि जळका वास आला.

सरांनी शांतपणे बॅटरी उलटून पाहिली. "वाटलंच! वापीहून आणलीय. गुजरातचा माल आपल्या मीटरला झेपत नाही!"

* * *

प्राचार्यांनी उरलेले अँमीटर स्वतःच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

"मग मुलांनी प्रॅक्टिकल कसं करायचं?" मी विचारलं.

"रीडिंग द्या ना त्यांना!"

बाविस्कर सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात ०.५ अँपिअर लिहिलं. दरवर्षी लिहायला नको, म्हणून ऑइलपेंटने!

सायवनची कमल तेवढी रोज मागे लागायची. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, प्रॅक्टिकलचा एकेक मार्क हवा होता. पण खरं म्हणजे तिला तो काटा हलताना बघायचा होता. "सर, एकदा हातात तरी द्या ना. कपाटाबाहेरून किती दिवस बघू?"

मला लाज वाटायची. प्राचार्यांना वाटायची नाही.

* * *

दसऱ्याला मात्र कपाट उघडलं, पूजेसाठी! झेंडूच्या माळा, भाताच्या लोंब्या, सगळं यथासांग. प्राचार्यांनी तेलात कालवलेलं कुंकू प्रत्येक अँमीटरच्या काचेवर, बरोबर काट्यासमोर, बोटभर ओढलं.

"सर, आता रीडिंग दिसणार नाही," मी म्हटलं.

"अहो, वाचतंय कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खरं बोलला. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं.

* * *

एकदा स्टाफरूममध्ये मी सांगत होतो. अँपिअरची व्याख्या पूर्वी दोन समांतर तारा एकमेकींना किती जोराने ओढतात त्यावरून करायचे. आता जगाने ती बदलली आणि इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराशी जोडली.

प्राचार्य चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जीआर आला का?"

"नाही."

"मग जुनाच अँपिअर चालू ठेवा!"

* * *

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांच्यासमोर अब्रू जायला नको म्हणून अँमीटर टेबलांवर मांडले गेले, कुंकवासकट. मुलांनी तारा कशाबशा जोडल्या, काचेकडे पाहिलं, फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि ०.५ लिहून टाकलं.

कमलने आधी ओढणीचं टोक ओलं करून काच घासली. ओढणी लाल झाली. मग तिने सर्किट जोडलं, चावी दाबली आणि काटा हलला! पोरगी एकटीच हसली. मी मागून डोकावलो. काटा ०.३ वर स्थिर होता. तिने ०.३ लिहिलं.

परीक्षकांनी पेपर चाळले आणि कमलच्या पेपरावर लाल पेन थांबलं.

"सर, तिचं बरोबर आहे. काटा बघा ना, समोरच आहे," मी म्हणालो.

"अख्खा वर्ग चुकेल का हो?" त्यांनी टेबलाकडे मान वळवलीसुद्धा नाही. ०.३ वर फुली मारली, मार्क कापले आणि कमलकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाले,

"बाळ, अँमीटर नीट बघायला शिक!"