सुमनताईंच्या कचेरीचे उघडे दार

सुमनताई भोंग यांची आणि माझी पहिली भेट बारामतीच्या महाविद्यालयाच्या कचेरीत झाली; शिष्यवृत्तीचे टेबल त्यांच्याकडे होते. मी लासुर्ण्याहून एसटीने येणारी, नुकतीच बारावी झालेली मुलगी. "उत्पन्नाचा दाखला कुठाय?" त्यांनी विचारले. दाखला नव्हता, कारण वडिलांना तो काढायचाच नव्हता. कमी उत्पन्नाचा कागद गावात कळला तर पोरीला चांगले स्थळ येणार नाही, अशी त्यांची समजूत. आणि शिष्यवृत्तीवाचून माझे शिक्षण तिथेच थांबणार होते.

त्याच रविवारी ताई आमच्या घरी आल्या.

"आमी कुणापुढं हात पसरत न्हाय, बाई," वडील म्हणाले.

"तात्या, उसाचं बिल घेताना कारखान्यापुढं हात पसरता व्हय?"

"ते आमच्या घामाचं हाय."

"मग हे पोरीच्या घामाचं. तिचं गुणपत्रक बघा. का तेबी झाकून ठेवलंय?"

आतून आईचे हसू ऐकू आले.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी वडील इंदापूरहून दाखला घेऊन थेट ताईंच्या कचेरीत हजर झाले. टोपीतून कागदाची घडी काढत हळूच म्हणाले, "दार लावता का?"

"दार उघडंच राहील. बसा तुमी."

अर्ज ताई कधीच स्वतः भरून देत नसत. आपल्या हक्काचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी बँक खाते आईचे लिहिले, तर चारचौघांत कडाडल्या, "शिकणार तू आणि खातं आईचं?" त्यांची जीभ तिखट आहे, हे त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथातही लपवणार नाही.

शिष्यवृत्तीला भीक म्हणणारा समाज आपल्याच लेकरांना भिकारी ठरवतो, असे मी आज व्यासपीठांवरून गर्जून सांगते. टाळ्या मला मिळतात. शिकवले ते ताईंनी, एक दार उघडे ठेवून.

निवृत्तीनंतर त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत तेच काम चालते. गेल्या महिन्यात माझे वडील शेजारच्या भाऊरावांना आणि त्यांच्या लेकीला तिथे घेऊन गेले. भाऊराव खिशातला दाखला काढेनात, सारखे मागे दाराकडे बघत होते.

"असू दे उघडं," वडील म्हणाले, "वारं येतंय."

ताई, साठी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे धड राहोत, जीभ तिखटच राहो. आणि तुमच्या दाराला कडी लागू न देणे, हे यापुढे आम्हा साऱ्यांचे काम.