कढीसाठी घेतलेली डोंगरी सायकल

माझ्या साडूंइतकं निकामी गिऱ्हाईक अख्ख्या रायपुरात दुसरं सापडायचं नाही. मी उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत लोखंडाचं भंगार विकत विकत स्वतःचं गोदाम उभं केलेला माणूस. भाव करताना बापालाही सोडत नाही. हे महाशय गादी घ्यायला गेले की दुकानात आडवे होऊन पाहतात, आणि घोरू लागतात. टरबूज घेताना विकणारीच्या लेकीबाळींची चौकशी करतात आणि ती देईल ते, कच्चं असलं तरी, कौतुकानं घरी आणतात. स्कूटरला आयुष्यात हात लावला नाही. "स्कूटर आपल्याले नेते, भाऊ. सायकलवर आपण जातो," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

माझी बायको गेल्यापासून दर रविवारी ते तेलीबांध्याहून ब्राह्मणपाऱ्यात माझ्याकडे सायकलवर डबाभर डाळीचे कढीगोळे घेऊन यायचे. कढी मेहुणीच्या हातची, म्हणजे चवीला थेट माझ्या बायकोची. डब्याचं झाकण मात्र सैल. घट्ट लावलं की गोळ्यांना घाम येतो म्हणे! यंदा त्यांच्या गुडघ्यांनी पॅडल मारायला नकार दिला आणि माझे रविवार कोरडे पडले. तेव्हा त्यांनी बॅटरीवर चालणारी, दोन्ही चाकांना शॉकअप असलेली डोंगरी सायकल घ्यायचं ठरवलं. भाव करायला अर्थातच मी.

दुकानदार मोटर, बॅटरी, ब्रेक समजावत राहिला. साडूंनी हँडलला कढीचा डबा अडकवला आणि एकेक सायकल शेजारच्या खोदून ठेवलेल्या गल्लीतून फिरवून आणली. पहिलीनं कढी पॅन्टवर सांडली, दुसरीनं चपलेवर. इकडे मी आवाज चढवून दुकानदाराला जेरीस आणलं होतं. रागानं पायऱ्याही उतरलो. मागून दुकानदाराची भाव उतरवल्याची हाक येणारच होती. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "भाऊ! एक थेंब नाही सांडला! मले हेच पायजे, दुसरी फुकट देली तरी नाही!"

दुकानदार खुर्चीत आरामात टेकला. "अंकल, अब तो दाम यही रहेगा।"

"काहून बोंबलून राहिले हो?" मी कडाडलो.

"पण कढी वाचली नं, भाऊ," साडू म्हणाले.

तो हातातून गेलेला सौदा मी अजून विसरलेलो नाही. रविवारी दारात सायकलची घंटी वाजली की भांडायचं ठरवूनच मी झाकण उचलतो. डबा काठोकाठ भरलेला असतो. उभ्याउभ्याच घेतलेल्या पहिल्या घासाला वाटतं, आता स्वयंपाकघरातून बायको विचारेल, "मीठ बरोबर आहे नं?" मग मी साडूंचं आणि माझं अशी दोन ताटं मांडतो, आणि भांडण पुढच्या रविवारवर ढकलतो.