चुकलं तरी पुढं जा

जीप गावात शिरली आणि पहिला दगड पुढच्या काचेवर बसला, दुसरा माझ्या भागीदाराच्या कपाळावर. गावकऱ्यांनी त्याला खाली ओढलं तेव्हा तो हात जोडत होता. जोडलेल्या हातांवरच काठी पडली. मी मध्ये घुसले, शिव्या दिल्या, एकाची कॉलर धरली. बाईमाणूस म्हणून मला मारलं नाही, ढकलत नेऊन समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं.

त्यांचा राग खोटा नव्हता. समाजमंदिरामागून मोहाच्या झाडांकडे वाट जाते. त्या वाटेच्या तोंडाशी, ओट्यालगतच्या खांबावर आम्ही दोघांनी कॅमेरा आणि भोंगा बसवला होता. वाघ दिसला की भोंगा वाजायचा. बसवला तेव्हा वाजलाही होता. मग बिबट्याही ओळखता यावा म्हणून गडचिरोलीच्या आमच्या खोलीत नवा प्रोग्रॅम बनवून मेमरी कार्डावर गावात पाठवला. आदल्या सकाळी कॅमेऱ्यानं वाघ टिपला, भोंगा मात्र गप्प राहिला. मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईला वाघानं मानेला धरून नेलं. तिचं जे सापडलं ते एका चादरीत मावलं.

तिचा नवरा माझ्यासमोर कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला.

"वाजवून दाखव बाई. नाई त तुह्या या मानसाले इथीच तोडतो."

मी लॅपटॉप उघडला. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे गोळा करून, जोडून, खांबावरच्या पेटीत भरण्याजोगे करणारी आज्ञांची फाइल. ती चालवली. शेवटी हिरव्या अक्षरांत काम यशस्वी झाल्याचं आलं. पेटीत भरलं, समाजमंदिराच्या भिंतीवरचं वाघाचं पोस्टर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. भोंगा गप्प. मागे भागीदाराच्या पाठीत काठी बसल्याचा आवाज आला. पुन्हा चालवली, पुन्हा यशस्वी, पुन्हा काठी. त्या हिरव्या अक्षरांचा गळा दाबावासा वाटला.

मग शेवटाकडं बघायचं सोडून मी स्क्रिप्टचं सगळं बोलणं पहिल्यापासून वाचायला घेतलं. भोंग्याचा तुकडा नेटवरून उतरायला हवा होता, तो उतरलाच नव्हता. तरी स्क्रिप्ट थांबली नव्हती, कारण त्या ओळीच्या शेपटाला एक सूचना होती: चुकलं तरी पुढं जा. त्याच ओळीला नव्हे, प्रत्येक ओळीला होती. आमच्याकडं नेटवर्क दिवसभर येत-जात असतं आणि दर वेळी काम अर्ध्यात अडकतं. म्हणून भागीदारानं वैतागून ती सगळीकडं चिकटवून टाकली होती.

"काऊन लावलं हे?" मी ओरडले.

"नेट जाऊन राह्यलं होतं ना," फुटलेल्या ओठांनी तो म्हणाला. "म्हटलं, चालून जाईन."

मी त्याच्या थोबाडीत दिली. आधीच मार खाल्लेल्या माणसावर हात टाकताना मला जराही वाईट वाटलं नाही, खरं सांगते.

ती शेपटं सगळी उडवली. आता स्क्रिप्ट भोंग्याच्या ओळीवर येऊन लाल अक्षरांत थांबली. निदान खरं बोलली. गावात नेटवर्क मिळतं ते फक्त पाण्याच्या टाकीजवळ. लॅपटॉप घेऊन तिकडं पळाले, फोन बांबूला बांधून एका पोराला वर धरायला लावला. तुकडा उतरला. परत येऊन पेटीत भरला, पोस्टर धरलं, आणि भोंगा असा काही ओरडला की झाडांवरची पाखरं उठली.

माणसं सैल झाली. कुणीतरी भागीदाराला पाणी दिलं. सुटलो, या आनंदात मी हसले.

त्या बाईचा नवरा उठून जवळ आला. "काय बिघडलं होतं?"

"एक सूचना नको तिथं होती. काढली."

"म्हंजे तुमच्या खोलीत बसूनच काढता आली असती?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. मग माझे केस धरून माझं तोंड खांबावर आपटलं. "मंग काल काऊन नाई वाजला, बाई?" पुन्हा आपटलं. "काल काऊन नाई?"

बायकांनी त्याला ओढून काढलं तेव्हा तो हंबरडा फोडून रडत होता. माझ्या तोंडात रक्त होतं, एक दात हलत होता.  त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर मी त्या एका 'हो'मध्ये त्याला आधीच देऊन बसले होते.